अठ्ठावन्न पैशांचं अंडं

परवा सुनेने गावरान अंडी आणली. जालन्यात मस्तगड भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई टोपली घेऊन बसते, तिच्याकडून. एका अंड्याचे पंधरा रुपये घेतले म्हणून सून घरात आल्यापासून धुसफुसत होती. "आई, या कोंबड्या उकिरड्यावर फिरून पोट भरतात. त्यांना खर्च तो काय? नुसतं गावरान म्हणायचं आणि लुटायचं," ती म्हणाली. मी एरवी सुनेला उलटून बोलत नाही. या वयात ते परवडत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, की बाई गं, तुला माहीत नाही त्यात बोलू नकोस. सून बघतच राहिली, नातीने मोबाइलमधून मान वर काढली, आणि मुलगा म्हणाला, आईचं बीपी तपासून घ्या. कुणी काही म्हणो, अंड्याला काय खर्च येतो ते मला विचारावं. जगातला तेवढा एकच विषय आहे, ज्यात मला बक्षीस मिळालं होतं.

आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून चार कोसांवर. नाव लिहीत नाही, कारण माझे भाऊबंद अजून तिथे राहतात आणि त्यातल्या दोघांना वाचता येतं. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, पुढे ओसरी आणि मागे परसू. थोरल्या दोघी बहिणी नांदायला गेल्या होत्या, म्हणून घरात तिघंच: दादा म्हणजे माझे वडील, माय आणि मी. ओसरी दादांची आणि परसू मायचं, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण तसंच होतं. परसात दगडमातीचं खुराडं होतं, त्याला फरशीच्या तुकड्याचं दार. तांबडं फुटायच्या आधी आतून कुरकुर सुरू व्हायची. माय फरशी बाजूला सरकवायची आणि आठही कोंबड्या एकामागून एक वाकून बाहेर यायच्या, पंख झटकायच्या आणि जणू रात्रभर त्यांना कुणी कोंडून फसवलं असावं तसं मायकडे बघायच्या. ढवळी, कवडी, मुंडी, लंगडी अशी नावं होती. मुंडीच्या मानेवर पिसं नव्हती आणि स्वभाव माझ्या आत्यासारखा होता. ती कधीही ठरल्या जागी अंडं घालायची नाही. मग दुपारभर माय तिच्या मागावर. कधी कडब्याच्या गंजीत, कधी गव्हाणीखाली, एकदा तर दादांच्या जुन्या पायताणात अंडं सापडलं होतं.

अंडी घरात असत, पण आम्ही ती खात नव्हतो. हे आताच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. अंडं म्हणजे मीठ, साबण, बांगड्या, माझी पाटी. तडकलेलं अंडं मात्र विकता येत नसे, ते घराचं. माय त्याचं कालवण करायची, लाल मिरची आणि शेंगदाण्याचा कूट घालून भरपूर पाण्यात, म्हणजे एक अंडं तिघांना पुरायचं. वाटीत पिवळा तुकडा कुणाच्या वाट्याला येतो यावर माझं लक्ष. तो नेहमी दादांच्या वाट्याला जायचा आणि दादा तो नेहमी काठाला सारून माझ्यासाठी ठेवायचे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून ते वाईट माणूस होते असं कुणाला वाटेल. ते वाईट नव्हते. एकदा मी भुशात ठेवलेलं चांगलं अंडं नखाने हळूच टिचवलं होतं. मायने ते उन्हाकडे धरून पाहिलं, मग माझ्या नखाकडे पाहिलं आणि कालवण केलं. पण त्या दिवशी तिने स्वतःला वाढून घेतलं नाही.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पिंपळगाव. एसटी नव्हती, रोज चार कोस जाणं-येणं पोरीच्या जातीला शक्य नव्हतं. मी अभ्यासात बरी होते, गणितात तर चांगलीच होते, आणि माय अंगठा उठवणारी असली तरी तिने मनाशी पक्कं केलं होतं की कुशावर्तेला, म्हणजे मला, मॅट्रिक करायचं. तिच्या माहेरची एक शेवंतामावशी पिंपळगावला बसथांब्याजवळ नवऱ्याबरोबर खानावळ चालवायची. बाजारच्या दिवशी तिच्याकडे आमलेटाला गिऱ्हाईक असायचं. मायने तिच्याशी बोलणं केलं. शाळा चालू असताना दर बाजाराला आठ गावरान अंडी द्यायची, पीठमीठ आपलं, आणि मी तिच्या मागच्या खोलीत राहून शाळेला जायचं. शेवंतामावशी म्हणाली, "आठ म्हंजी आठ पाहिजेत बरं गया. सात आन्लेस तर मी बोलणार न्हाई, पण माझा नवरा बोलन." मग माय दादांशी बोलली. दादा बराच वेळ चिलीम साफ करत बसले. मग म्हणाले, "माझ्याकडून दमडी मागायची न्हाई. तुझ्या कोंबड्यावर होत असंल तर शिकू दे." माय लगेच म्हणाली, "माझ्या कोंबड्यावरच." झालं. माझं सगळं पुढचं आयुष्य आठ कोंबड्यांवर बेतलं गेलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर मनात त्या मागच्या खोलीत अंथरूणही घालून ठेवलं होतं.

आमच्याकडे अंड्याच्या पैशात पुरुषमाणूस लक्ष घालत नसे. कोंबड्या काय खातात हेही कुणी विचारत नसे. विचारलंच तर बायका सांगायच्या, मातेरं. मातेरं म्हणजे खळ्यातलं शेवटचं झाडून आणलेलं, धान्य कमी आणि माती जास्त. सगळ्या गावाच्या कोंबड्या मातेऱ्यावर जगत होत्या, निदान बोलण्यात तरी. प्रत्येक बाईला ठाऊक होतं की मातेरं संक्रांतीपर्यंत संपतं आणि त्यानंतर कणगीतली ज्वारी काढावी लागते. आणि मला वाटतं पुरुषांनाही ठाऊक असावं. पण ठाऊक असणं आणि बोलून दाखवणं यात फरक असतो. तो फरक तेव्हा मला कळत नव्हता, कारण मी गणितात हुशार होते.

मी सातवीत असताना हिवाळ्यात एक साहेब शाळेत आले. पांढऱ्या विलायती कोंबड्यांची काही योजना होती. जीपमधून उतरले, बुटाला माती लागू नये म्हणून टाचा उचलून चालत आले आणि सातवीच्या मुलांना छापील कागद वाटून गेले. वर लिहिलं होतं, 'घरगुती कोंबड्यांच्या एका अंड्याचा उत्पादन खर्च'. खाली रकाने: खाद्य, मर, इतर, मजुरी. सगळ्यात खाली एकूण, आणि भागिले अंडी. गुरुजींनी सांगितलं, ज्याचा कागद सगळ्यात चोख त्याला बक्षीस. मी त्या दिवशी घरी धावतच आले. इतका सुंदर कागद मी पाहिला नव्हता. शाळेतल्या गणितात हौद असायचे आणि गाड्या असायच्या. हे गणित माझ्या परसातलं होतं.

महिनाभर मी तेच केलं. माय सकाळी कणगीच्या तोंडातून ज्वारी काढायची तेव्हा मी लाकडी चिपटं घेऊन शेजारी उभी. "काय करून राह्यली गं?" मायने पहिल्या दिवशी विचारलं. "शाळेचं काम हाय," मी म्हणाले. शाळेचं म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तिने ओंजळीतली ज्वारी चिपट्यात ओतली, वरून तळहात फिरवून सपाट केली आणि म्हणाली, "लिही. बराबर एक चिपटं. रोज." मी विचारत गेले, ती सांगत गेली. वर्षातले चार महिने रानात आणि खळ्यात भागतं, आठ महिने घरचं लागतं. मुंगसाने दोन नेल्या. पावसाळ्यात मानमोडीच्या रोगाने तीन मेल्या. पाहुण्यांसाठी दोन कापल्या, त्यातली एक दादांच्या मेहुण्यासाठी आणि ती अंडी घालती कोंबडी होती. मायला अंकलिपी येत नव्हती, पण प्रत्येक कोंबडी कशी गेली हे तिला वारासकट आठवत होतं. ती सांगताना भाकरी थापत असायची आणि मधेच थांबून म्हणायची, "थांब, चुकीचं नको लिहू." साहेब आपल्या कोंबड्यांची चौकशी करतात, याचा तिला मान वाटत होता. मी सोळा चिपट्यांची पायली धरून हिशोब केला. वर्षाला पंधरा पायल्या ज्वारी. सगळं मिळून, तीनशे अंड्यांवर वाटून, अंडं अठ्ठावीस पैशाला पडत होतं. बाजारात ते पस्तीस पैशाला जायचं. म्हणजे एका अंड्यामागे सात पैसे नफा. मला मायचा फार अभिमान वाटला.

मजुरीचा रकाना राहिला होता. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "शून्य टाक. घरच्या बायांच्या कामाला दर नसतो." मी म्हणाले, "गुरुजी, दर नसतो तर रकाना कशाला दिलाय?" ते हसले, म्हणाले, "तो मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी असतो गं." मी शून्य टाकलं. वर्गातल्या सगळ्यांनी टाकलं होतं. खरं म्हणजे बहुतेकांनी खाद्यातही शून्य टाकलं होतं, मातेरं लिहून, आणि सगळ्यांची अंडी एक-दोन पैशांना पडली होती. त्यांच्या आयांनी त्यांना तेवढंच सांगितलं होतं. त्या आया शहाण्या होत्या, हे मला आता कळतं. अलीकडे आमच्या गल्लीत असाच कागद भरून घेणारी एक पोरगी आली होती, हातात टॅब घेऊन. आजी, तुम्ही काय काम करता, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घरीच असते. तेव्हा मांडीवर सोलायच्या लसणाचं सूप होतं, आणि तो सोललेला लसूण दुकानात विकायचा होता.

शून्य टाकलं त्याच दुपारी मुंडी हरवली. माय बैलांच्या गव्हाणीखाली पोटावर सरपटत शिरली. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बराच वेळ आत खुडबुड चालली, मग ती उलटी सरकत बाहेर आली. केसांत भुसा, कोपर खरचटून रक्त आलेलं, आणि मुठीत अंडं, शाबूत. तिने ते पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. "लिही, आठवं घावलं." मी कागद उघडला आणि त्या शून्याकडे पाहिलं. मला राग आला. मी त्या वर्षी सुट्टीत बायांबरोबर खुरपायला गेले होते, बाईची मजुरी दिवसाला दोन रुपये हे मला माहीत होतं, म्हणजे तासाला चार आणे. मायचा कोंबड्यांमागे रोज एक तास तरी जात होता. मी रबराने शून्य खोडलं. स्वस्तातलं रबर, कागद जरा फाटला. तिथे मी मजुरी लिहिली, वर्षाची, तीनशेने भागून. अंड्यामागे तीस पैसे. एकूण अठ्ठावन्न. मला वाटलं मी मायला काहीतरी दिलं. दागिना नाही देता येत, पण हे देता आलं.

निकालाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होतं. साहेब आले होते. पालकांना बोलावलं होतं आणि दादा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. माय घरीच, बायका अशा ठिकाणी येत नसत. मी सातवीत पहिली आले. गुरुजींनी नाव घेतलं तेव्हा दादांनी शेजारच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची मान किंचित वर झाली ते मी पाहिलं. त्यानंतर साहेब उभे राहिले. म्हणाले, या शाळेतल्या एका मुलीने असा हिशोब केलाय की आमच्या ऑफिसातल्या बाबूंनाही जमणार नाही. मग त्यांनी माझा कागद वाचून दाखवला. खाद्य, वर्षाला पंधरा पायल्या ज्वारी. मर, सात कोंबड्या. मजुरी इतकी. "मंडळी, या घरात अंडं अठ्ठावन्न पैशाला पडतं आणि विकलं जातं पस्तीसला. म्हणजे तुमच्या या देशी कोंबड्या तुम्हाला खाऊन राह्यल्या. तोट्याचा धंदा आहे हा." पुढे ते विलायती कोंबड्यांबद्दल बोलत राहिले. ते कुणी ऐकलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पंधरा पायल्या? मंग आमालाच ठेवा की खुराड्यात." सगळं पटांगण हसलं. मला पेनाचं बक्षीस मिळालं. मी ते घेऊन वळले तेव्हा दादांच्या जागी नुसती सतरंजी होती.

मी घरी पोचले तेव्हा दादा ओसरीत बसले होते आणि माय चुलीपुढे. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने माझ्यासाठी गुळाचा शिरा टाकला होता. दादा आवाज न चढवता म्हणाले, "पंधरा पायल्या जवारी जाऊन राह्यली, अन् मला मातेरं म्हणून सांगितलं." माय हातातलं उलथनं धरून तशीच बसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, काय झालं ते समजून घ्यायला. मी गडबडीने म्हणाले, "दादा, मजुरी सोडली तर अठ्ठावीसच पडतं. नफाच हाय." दादा म्हणाले, "मंग तू कशाला धरली?" मी बक्षिसाचं पेन पाठीमागे लपवलं. "साऱ्या गावाम्होरं तोट्याचा धंदा म्हणून वाचलं," दादा म्हणाले. "मी म्हणलं व्हतं माझी दमडी लागणार न्हाई. मंग ही जवारी कोणाची व्हती?" माय एवढंच म्हणाली, "तुमचीच व्हती." शिरा तसाच खालून लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी कणगी उपसली. सगळी ज्वारी पोत्यांत भरली आणि दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवून टाकली, मोठे मोठे टाके घालून. दळणापुरतं आठवड्याला एकदा ते स्वतः टाके उसवून मोजून द्यायचे आणि पुन्हा शिवायचे. कोंबड्या विकून टाक असं ते म्हणाले नाहीत. शाळा बंद असंही म्हणाले नाहीत. त्यांनी काहीच मोडलं नाही, फक्त पोती शिवली. पुष्कळ वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. आता वाटतं, पंधरा पायल्या म्हणजे आमच्या घराची दीड महिन्याची भाकर होती, आणि बायकोने फसवलं हे त्यांना पोरीच्या कागदावरून, साहेबाच्या तोंडून, भर पटांगणात कळलं होतं. माफ करता येतं. त्याने बदलत मात्र काही नाही.

मे महिन्यात रानात काही नसतं. काढणी झालेली, गवत जळालेलं, किडामुंगी जमिनीत खोल गेलेली. आठ कोंबड्या परसात माती उकरत राहायच्या आणि दुपारी खुराड्याच्या सावलीत चोची उघड्या टाकून बसायच्या. मायने एक उपाय काढला. मडक्यात शेण आणि काडीकचरा भरायचा, पाणी शिंपडायचं आणि बांधाला वारुळाशेजारी पालथं घालून ठेवायचं. सकाळी त्यात उधई, म्हणजे वाळवी, भरते, ती कोंबड्यांपुढे झटकायची. पहाटे आम्ही दोघी बांधावर जायचो. ज्या वर्षी पिण्याचं पाणी विहिरीच्या तळातून खरवडून काढायचं, त्या वर्षी आम्ही उधईला पाणी पाजत होतो. कधी मूठभर उधई मिळायची, कधी नुसतं वाळलेलं शेण. माय स्वतःच्या भाकरीतला अर्धा तुकडा चुरून कोंबड्यांना टाकायची आणि मी पाहते असं दिसलं की म्हणायची, भूक न्हाई. मी माझा तुकडा टाकायला गेले तर हात धरायची. "तुला शाळेला जायचं हाय," म्हणायची. तिने अजून सोडलं नव्हतं. मी मात्र गणितात हुशार होते. बाजारच्या आधी अंडी मोजताना मला कळत होतं. पहिल्या बाजाराला सहा. दुसऱ्याला चार. मग दोन.

भुकेल्या कोंबड्या घर धरून राहत नाहीत. शेजारच्या अनसाकाकूने अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कवडी आणि ढवळी वर चढल्या आणि त्यांनी अर्धी खाट साफ केली. काकूने दगड मारला तो कवडीच्या पायाला लागला. काकू वाईट बाई नव्हती, तिच्या लेकीचं लग्न होतं आणि रुखवताच्या कुरडया होत्या त्या. माय तिच्या पाया पडली. त्या बाजाराला मायने कवडी विकली, कारण पाय मोडलेली कोंबडी एरवी मुंगसाच्याच कामी आली असती. पुढच्या बाजाराला ढवळी आणि लंगडी. मातेऱ्याच्या चार मुठी कुणीतरी दिल्या, त्यावर बाकीच्या आठ दिवस तगल्या. मग एक दिवस संध्याकाळी चारच परत आल्या आणि मुंडी त्यात नव्हती. आम्ही गव्हाणीखाली पाहिलं, गंजीत पाहिलं. ती नेहमीसारखी कुठेतरी अंडं घालून बसली असेल, असं माय तीन दिवस म्हणत होती.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी माय मला घेऊन पिंपळगावला गेली. टोपलीत भुसा भरपूर होता आणि अंडी दोन. शेवंतामावशीने आम्हाला चहा दिला. टोपलीकडे तिने एकदाच पाहिलं. माय म्हणाली, पाऊस पडला की किडे निघतील, कोंबड्या पुन्हा धरतील, श्रावणापासून आठ देईन, बिलकुल आठ. मावशी म्हणाली, "गया, मी थांबले असते गं. पण माझ्या मालकानं धावडा गावच्या एका पोरीला जागा देऊन टाकली. तिचा बाप रोख देऊन राह्यला." मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पत्र्याची एक पेटी आणि दोरीवर निळा परकर वाळत घातलेला दिसला. मी ती मुलगी पाहिली नाही, पण तो परकर मला आजही काढून दाखवता येईल. मायने दोन्ही अंडी मावशीला ठेवून दिली. मावशी नको म्हणाली, पण परत नेऊन तरी काय करायचं होतं. चार कोस आम्ही चालत आलो. मधे एका लिंबाखाली बसलो तेव्हा मायने माझ्या पायातला काटा काढला आणि म्हणाली, दुसऱ्या वर्षी बघू. आम्हा दोघींनाही ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी माझी सोयरीक जालन्याला जमली. दुकानदार स्थळ होतं, चांगलं होतं, मी तक्रार करणार नाही.

उरलेल्या चार कोंबड्याही गेल्या. शेवटची विकून माय आली त्याच्या दोन दिवसांनी गुरुजी घरी आले, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. त्याबरोबर माझा तो कागदही होता. साहेबांनी त्यावर लाल शाईने 'उत्तम' लिहून परत पाठवला होता. माय परसात रिकामं खुराडं झाडत होती, पावसाच्या आधी त्यात सरपण भरायचं होतं. तिने हात पुसून कागद घेतला, उलटा धरला, मग मी तो सरळ करून दिला. "वाच," ती म्हणाली. मी सगळा वाचला. ज्वारी, मुंगूस, मेहुण्यासाठी कापलेली कोंबडी. ती मान हलवत होती, बराबर हाय म्हणत होती. मग म्हणाली, "माझी मजुरी कुठं लिवली?" मी तिचं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं. "किती हाय?" "एका अंड्यामागं तीस पैसे." ती बोट न उचलता थोडा वेळ मनाशी काही मांडत राहिली. "म्हंजी अंड्यात निम्म्याच्या वर मीच व्हते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते हसू होतं की काय हे मला आजही ठरवता येत नाही. मग तिच्या बोटाला तो फाटका खडबडीत भाग लागला. "इथं खोडलेलं काय हाय?"

"शून्य," मी म्हणाले. "आदी शून्य लिवलं व्हतं."

"तेच राहू द्यायचं व्हतं," माय म्हणाली. "शून्यावर तू मॅट्रिक झाली असती."

ती चिडून बोलली नाही. पीठ संपलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. कागद माझ्या हातात दिला, वाकून खुराड्यात शिरली आणि आतून हात बाहेर काढून सरपण मागू लागली. मी एकेक काटकी देत गेले. त्या दिवसापासून मी कुणाच्याच मजुरीचा रकाना भरलेला नाही, स्वतःच्याही नाही.